गुरूंच्या हाताची पट्टी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी फ्रीगंजच्या बैठकीत महाराजांनी केलेलं निरूपण, ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. इंदूर, देवास आणि पुण्याच्या मंडळींनीही मागितलं होतं. बोलणं शक्य तितकं तसंच ठेवलं आहे. नेहमीपेक्षा मोठं आहे, पण सवडीने पूर्ण वाचावं, आणि घरात ज्यांना मोबाईलवर वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं.

*

बसा, बसा. दारापाशी गर्दी नको, पुढे जागा आहे.

आज गुरुचरित्राचा चाळिसावा अध्याय घ्यायचा ठरला होता, तो घेऊच. पण आधी एक चिठ्ठी वाचतो. पाठवणाऱ्या ताई आपल्यातल्याच आहेत. नाव सांगणार नाही, आणि कोण असेल बरं, याचा अंदाजही बांधत बसू नका. ती आपली जुनी खोड आहे.

ताई लिहितात, "माझ्या यजमानांना काही वर्षांपूर्वी कुष्ठरोग झाला होता. बारा महिने औषध घेतलं, एक दिवस चुकवला नाही. पूर्ण बरे आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढं वाकलेलं राहिलं. मागच्या भंडाऱ्याला ते कणीक मळायला बसले होते. कुणीतरी जवळ येऊन हळूच म्हणालं, काका, तुम्ही आज चपला सांभाळा. त्यांनी दिवसभर चपला सांभाळल्या. घरी आल्यावर काही बोलले नाहीत. यंदा गुरुप्रतिपदेला यायचं नाही म्हणतात. मी एकटी आले तर चालेल का?"

एवढीच चिठ्ठी. कागद मी दत्तांच्या पायाशी ठेवलाय.

आता चपला सांभाळणं ही काही हलकी सेवा नाही, हे तुम्ही मला सांगाल. खरं आहे. मीही तरुणपणी माझ्या गुरूंकडे तीच केली. पण सेवा म्हणून दिली की जागा दाखवली, हे ज्याला दिलं त्याला बरोबर कळतं. तोंडाने कितीही गोड बोला.

बरं, पोथीकडे येऊ.

नरहरी नावाचा ब्राह्मण गाणगापूरला श्रीनृसिंह सरस्वतींकडे आला. अंगभर कुष्ठ. पायांवर पडून तो पहिलं काय सांगतो? खाज होते, आग होते, असं नाही सांगत. तो सांगतो की लोक सकाळी माझं तोंड बघत नाहीत, मला निंद्य समजतात. पोथी लिहून कित्येक शतकं झाली. तेव्हाही रोगी माणसाचं पहिलं गाऱ्हाणं रोगाचं नव्हतं, आपलंच होतं. हे वाचून आपण पुढची ओवी घेतो आणि पान उलटतो.

आणि याच अध्यायात पूर्वजन्मीच्या पापाचा उल्लेख आहे. आहे, मी तो झाकणार नाही. आपल्यातल्या पुष्कळांचं बोट नेमकं तिथेच जातं. "महाराज, पोथीतच लिहिलंय ना, पापाचं फळ म्हणून." अहो, पण ते म्हटलं कुणी? ज्यांच्या कमंडलूतल्या पाण्यात ते धुऊन टाकायचं सामर्थ्य होतं, त्यांनी म्हटलं. आणि म्हणून थांबले का? त्याला हाकलला का? औदुंबराचं वाळकं लाकूड हातात दिलं, संगमावर रोव म्हणाले, रोज पाणी घाल म्हणाले. म्हणजे त्याला काम दिलं, नियम दिला, जागा दिली, तीही भीमा-अमरजेच्या संगमावर, जिथे सगळे स्नानाला येतात तिथे. गावाबाहेर नाही पाठवला. ज्याला दुसऱ्याचं ओझं उतरवता येत नाही, त्याने त्या ओझ्याचा हिशोब मांडू नये. पूर्वजन्माचं खातं माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही.

पुढे लोक हसले. वाळक्या लाकडाला पालवी फुटते का, म्हणाले. गुरूंकडे जाऊन सांगितलंसुद्धा, की हा उपाशीतापाशी वेड्यासारखा लाकडाला पाणी घालतोय. मग गुरू स्वतः संगमावर गेले, कमंडलूतलं तीर्थ शिंपडलं, लाकडाला पालवी फुटली आणि नरहरीची काया सोन्यासारखी झाली. गुरूंनी त्याला आपल्याजवळच ठेवून घेतलं. आपल्या सगळ्यांना पालवीचा चमत्कार आठवतो. मला आठवतं ते हसणारं गाव. पालवी एकदाच फुटली, हसणारे रोज होते.

इथे एक शब्दाचा घोळ काढून टाकतो, कारण आपण उज्जैनची मराठी माणसं, अर्धं आयुष्य हिंदीत. मराठीत कोड म्हणजे अंगावर पांढरे डाग येतात ते. त्याला इकडे सफेद दाग म्हणतात. आणि हिंदीत कोढ म्हणजे कुष्ठरोग, ज्याला आपले आजी-आजोबा महारोग किंवा रक्तपिती म्हणायचे. दोन्ही शब्द कानाला सारखेच. त्यामुळे एखाद्या मुलीला कोड असलं तरी शेजारीण ऐकते कोढ, आणि ठरलेलं लग्न मोडतं. कोड हा कुष्ठरोग नाही, तो कुणाचा कुणाला लागत नाही, त्या डागावर स्पर्श नीट कळतो. आपल्या आयुर्वेदात तर कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितलेत, त्यात त्वचेचे बरेच आजार येतात. तेव्हा पोथीत कुष्ठ शब्द दिसला की तो आजचाच आजार, असं धरून चालू नका.

नरहरीची गोष्ट मला अपुरी वाटते. रागावू नका. पोथी अपुरी नाही, आपण ती ऐकतो ते अपुरं. तो बरा झाला, सोन्यासारखा झाला, मग जवळ राहिला, एवढंच आपल्या लक्षात राहतं. सोन्यासारख्या माणसाला कोण जवळ करत नाही?

म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. ती शिर्डीची.

सन १९१०. दिवाळीतली धनत्रयोदशी. साईबाबा धुनीपाशी बसून लाकडं सारत होते. एकदम त्यांनी आपला हातच आगीत घातला. लोकांनी ओढून मागे घेतलं तेव्हा हात चांगलाच भाजला होता. बाबा म्हणाले, लांब कुठे लोहाराच्या बायकोच्या कडेवरचं मूल भट्टीत पडलं, ते वाचवलं. हे हेमाडपंतांनी साईसच्चरितात लिहून ठेवलंय. नानासाहेब चांदोरकरांना कळलं तसे ते मुंबईहून डॉक्टर परमानंदांना घेऊन आले, मलम, पट्ट्या, सगळं सामान घेऊन. बाबांनी डॉक्टरांना हात दाखवलासुद्धा नाही.

मग पट्टी कोण बदलायचं? भागोजी शिंदे. आणि भागोजी शिंदे कोण? महारोगी. बोटं झडलेली, अंगाला जखमा. लोक ज्याच्या वाऱ्याला उभे राहत नसत, असा माणूस. तो रोज सकाळी येणार, बाबांच्या हाताची पट्टी सोडणार, तूप लावून चोळणार, वर पान ठेवून पुन्हा घट्ट बांधणार. जखम भरली तरी हा नेम सुटला नाही, बाबांनी देह ठेवला त्या १९१८ पर्यंत चालू राहिला. बाबा लेंडीवर निघाले की डोक्यावर छत्री धरायची तीही भागोजीनेच.

आता नीट ऐका. भागोजीची काया काही सोन्यासारखी झाली नाही. तो होता तसाच राहिला. पोथीकार त्याला भाग्यवान म्हणतात ते बाबांच्या सेवेमुळे, बरा झाला म्हणून नव्हे. जखमी हात गुरूंचा आणि त्यावर औषध लावणारा हात कुष्ठरोग्याचा. आपण समजतो महात्म्याने रोग्याची सेवा केली म्हणजे झालं. इथे महात्म्याने रोग्याकडून सेवा घेतली. देण्यापेक्षा घेणं अवघड असतं, बाबांनो. महाकालच्या वाटेवर बसलेल्या माणसाच्या थाळीत नाणं टाकणं आपल्याला जमतं. तेही उंचावरून, हात लागणार नाही असं. त्याच्या हातचं पाणी प्यायचं म्हटलं, की आपला खरा परमार्थ कळतो.

डॉक्टर परमानंदांना बाबांनी नको म्हटलं, म्हणून आपणही औषध घ्यायचं नाही, असा अर्थ काढणारे लोक आहेत. माझ्यापाशी आलेत. त्यांना मी हात जोडून सांगतो, आधी साईबाबा व्हा, मग औषध सोडा.

आता आजाराबद्दल सांगतो. हे मी पोथीतून सांगत नाही. आपल्या बैठकीला येणाऱ्या डॉक्टर ताईंकडे दोन संध्याकाळ बसून विचारून घेतलंय, काही चुकलं तर त्या इथेच आहेत, मला टोकतील.

हा आजार जंतूचा आहे. १८७३ साली नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरने तो शोधला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी माणसाला कळलं की हा शाप नाही, जंतू आहे. आपल्याला कळायला अजून किती दिवस लागणार? तो आनुवंशिक नाही, आईबापांकडून रक्तात येत नाही. शंभर माणसांतल्या पंचाण्णवांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद मुळातच असते. हात मिळवला, शेजारी बसून जेवलं, एका बाकावर बसलं, म्हणून होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या बरोबर फार दिवस, अगदी निकट राहिलं तर श्वासावाटे होऊ शकतो. तोही फार हळू. जंतू शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा.

आणि औषध आहे. १९८० नंतर बहुविध औषधांचा उपचार आला. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, गोळ्यांचं पानच महिन्याच्या हिशोबाने केलेलं असतं. आजार थोडा असेल तर सहा महिने, जास्त असेल तर बारा महिने. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण व्हायची थांबते. लघवीला तांबूस रंग येतो, कातडी थोडी काळवंडते, घाबरून गोळ्या सोडायच्या नाहीत. घरातल्या बाकीच्यांना तपासून एकदाच घ्यायची एक गोळीही देतात, म्हणजे त्यांचा धोका कमी होतो.

मग बोटं का झडतात? लहानपणी मला सांगितलं होतं की किडे खातात. तुम्हालाही असंच काही सांगितलं असेल. ते खोटं आहे. हा जंतू मज्जातंतूंत जाऊन बसतो. कोपराजवळची शीर, गुडघ्याच्या बाजूची, घोट्याजवळची. ती शीर निकामी झाली की तिथलं दुखणं संपतं. दुखणं संपतं म्हणजे बरं झालं, असं आपल्याला वाटतं. अहो, तिथेच तर घात आहे. बाईने तव्याला हात लावला, चटका बसला, कळलंच नाही. पायात खिळा घुसला, दिवसभर तसाच चालला, चप्पल काढली तेव्हा रक्त दिसलं. रात्री उंदराने बोट कुरतडलं तरी झोप मोडली नाही. जखम चिघळते, पुन्हा चिघळते, आतलं हाड झिजतं आणि बोट आखूड होतं. वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड म्हणून मोठे शल्यचिकित्सक होते, त्यांनी हे नीट पाहून जगाला दाखवून दिलं, आणि वाकलेली बोटं शस्त्रक्रिया करून पुन्हा चालती केली. दुखणं हे देवाने दिलेलं राखण आहे. आपण रोज देवाला म्हणतो दुखणं नको. ज्यांचं गेलं त्यांना विचारा.

म्हणजे हे चक्र कसं फिरतं बघा. अंगावर एक फिकट किंवा लालसर चट्टा येतो. खाजत नाही, दुखत नाही, टोचलं तर कळत नाही. घरातल्याला शंका येते. पण तो गप्प बसतो. का? कारण त्याला आपण माहीत आहोत. उद्या मुलीचं लग्न आहे, परवा भाडेकरूची खोली सोडावी लागेल, दुकानात गिऱ्हाईक येणार नाही. म्हणून तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो. वर्ष जातं, दोन जातात. शीर मरते. बोट वाकतं. मग ते वाकलेलं बोट बघून आपण आणखी घाबरतो, आणि पुढच्या घरातला पुढचा माणूस आणखी घट्ट बाह्या लावतो. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जे संपलं असतं ते जन्मभराचं होतं. डॉक्टर ताई म्हणाल्या, महाराज, लवकर आलेल्याला काहीच व्यंग राहत नाही, तुम्ही त्याला रस्त्यात ओळखणारसुद्धा नाही. म्हणजे त्या काकांची दोन बोटं जंतूने वाकवली हे खरं, पण त्याला वेळ कुणी मिळवून दिला? आपल्या भीतीने. तुमच्या, माझ्या, शेजाऱ्यांच्या.

आणि आजार संपलाय असं समजू नका. २००५ साली देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं सुटलो. पण आजही दरवर्षी जगात जेवढे नवे रुग्ण सापडतात त्यातले निम्म्याहून जास्त आपल्या देशातले असतात. एक लाखाच्या आसपास. त्यात लहान मुलंही असतात.

तेव्हा घरी गेल्यावर हे करा. आंघोळीच्या वेळी एकमेकांची पाठ बघा, स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही. मुलांची बघा. न खाजणारा, न दुखणारा चट्टा असेल, कानाच्या पाळ्या जाड झाल्या असतील, तळहात-तळपाय बधिर वाटत असतील, चप्पल पायातून नकळत निसटत असेल, डोळा नीट मिटत नसेल, तर सरकारी दवाखान्यात जा किंवा आशाताईंना सांगा. उपचार चालू असताना चट्टे एकदम लाल होऊन सुजले, हात किंवा पाय अचानक लुळा वाटला, तर त्याच दिवशी जा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्या वेळी शीर वाचवता येते. अंगारा लावा, माझी ना नाही, गोळीबरोबर लावा.

आपल्या मराठी मुलखाने या कामात फार मोठी माणसं दिली, आणि आपल्याला नावंही नीट ठाऊक नाहीत. वर्ध्याजवळ दत्तपूर. नाव बघा, दत्तांचंच. तिथे विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांचं काम उभं केलं. १९३९ साली सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे मोठे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर राहिलेले. ज्या शास्त्र्यांच्या पायावर लोक डोकं ठेवायचे, तेच आजार झाल्यावर अस्पृश्य झाले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली, रोज स्वतः जखमा धुवायचे, तेल चोळायचे. देशाचं राजकारण दारात उभं असायचं आणि हे तेल चोळत असायचे. म्हणून आपल्याकडे ३० जानेवारी, गांधीजींची पुण्यतिथी, कुष्ठरोग निवारण दिवस म्हणून पाळतात. पुढे शास्त्री दत्तपूरलाच राहिले, तिथेच गेले. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं.

आणि बाबा आमटे. त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यातला मला आवडणारा भाग वेगळा आहे. वरोऱ्याचे हे वकील, कुणाला न घाबरणारे. एका पावसाळी रात्री गटारापाशी पडलेला तुळशीराम दिसला, बोटं नाहीत, जखमांत किडे, आणि बाबा पळाले. पळाले! मग स्वतःचीच लाज वाटली, परत गेले. पहिल्या झटक्यात सगळेच पळतात. परत जातात ते थोडे. १९४९ साली महारोगी सेवा समिती झाली, मग आनंदवन. साधनाताई, लहान मुलं, सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय घेऊन खडकाळ रानात राहायला गेले. विहिरी खोदल्या, भाजी पिकवली. आता ऐका, भाजी पिकली, पण वरोऱ्यात कुणी विकत घेईना. कुष्ठरोग्याच्या हातची भाजी! परदेशातून श्रमदानाला आलेली तरुण मुलं तिथे राहिली, तीच भाजी खाऊ लागली, तेव्हा कुठे गावकऱ्यांना धीर आला. कणीक आणि भाजी, गोष्ट एकच आहे, ताई.

हेच बाबा १९९० साली आनंदवन सोडून आपल्या मध्य प्रदेशात, बडवानीजवळ कसरावदला, नर्मदेकाठी येऊन राहिले होते. आपल्यातले कितीजण भेटायला गेले? जाऊ द्या.

आपल्या उज्जैनमध्येच हामूखेडीला कुष्ठधाम आहे. टॉवर चौकातून निघालं तर चहा थंड व्हायच्या आत पोचता येईल. आपण गाणगापूर करतो, नरसोबाची वाडी करतो, गिरनारच्या दहा हजार पायऱ्या चढतो. हामूखेडीला पायऱ्या नाहीत.

कायदाही बदललाय. १८९८ चा इंग्रजांचा कायदा होता, कुष्ठरोग्याला धरून कोंडायचा, तो २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता यायचा, ते कलम २०१९ साली काढलं. संसदेला समजलं. आता आपल्या स्वयंपाकघराला समजायचं राहिलंय.

गेल्या भंडाऱ्याला काकांना चपलांकडे पाठवणारी व्यक्ती आज इथे बसली आहे. मला माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे. मी रागावलेलो नाही. त्यांनी वाईट बुद्धीने केलं नाही. चारशे माणसांचं जेवण, कुणी काही बोलेल, लोक पानावरून उठतील, ही काळजी त्यांना होती. लोक उठले असते का? कदाचित दोन-चार उठलेही असते. उठू द्या. भंडारा दत्तांचा आहे, उठणाऱ्यांचा नाही. मी एवढंच म्हणतो की त्यांनी काकांच्या घरी जावं. मी निरोप धाडणार नाही, मध्यस्थी करणार नाही. चहा घ्यावा. काकांच्या हातचा घ्यावा.

आणि काकांना एक सांगायचंय, कारण काकू हे त्यांना वाचून दाखवतील. काका, तुमच्या डाव्या हाताच्या कडेला अजून चटका कळत नसेल. तव्यापाशी आणि तेलाच्या कढईपाशी तुम्ही बसू नका. हे लोकांसाठी नाही, तुमच्या हातासाठी. रोज हात पाण्यात भिजवून तेल लावा, जखम आहे का बघा. बोटं सरळ करायची शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून फुकट होते, डॉक्टर ताई तुमच्याशी बोलतील. कणीक मात्र मळा. कणीक गार असते.

ताई, तुम्ही विचारलंत एकटी आले तर चालेल का. नाही चालणार. जोडीने या.

चला, आता अध्याय वाचायला घ्या. आज पोथी हळू वाचा.

*

मंडळाकडून सूचना

१. गुरुप्रतिपदेच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक पहाटे पाचला सुरू होईल. कणकेसाठी पाच जण हवे होते, चार नावं आली आहेत, पाचवी जागा महाराजांनी राखून ठेवली आहे. भाजी चिरायला आणि वाढायला अजून माणसं हवीत, ग्रुपवर नाव द्यावं.

२. चपला सांभाळण्याची सेवा या वेळी महाराज स्वतः सकाळी दहा ते बारा करणार आहेत. त्या वेळेत कृपया त्यांच्या पाया पडण्यासाठी रांग लावू नये, चपला ठेवून आत जावं.

३. पुढच्या रविवारी हामूखेडीला जायचं आहे. या फेरीत काहीही न्यायचं नाही, फक्त बसून बोलायचं आणि काय लागतं ते तिथल्या लोकांनाच विचारून यायचं. मलमपट्टीचं सामान, मऊ तळाच्या चपला, धान्य, जे ते सांगतील त्याची यादी त्यानंतर ग्रुपवर टाकू. फोटो काढायचे नाहीत. कुणाचेच नाहीत, आपले स्वतःचेसुद्धा.

४. डॉक्टर ताई दर गुरुवारी आरतीनंतर अर्धा तास मागच्या खोलीत बसतील. कुणाला चट्टा, बधिरपणा दाखवायचा असेल तर सरळ आत जावं. खोलीत एका वेळी एकच माणूस असेल, दार बंद असेल, वहीत नाव लिहिलं जाणार नाही. बायकांनी सोबत हवी असेल तर सोबत आणावी.

५. हे निरूपण पुढे पाठवायला हरकत नाही. मात्र चिठ्ठी कुणाची, काका कोण, असं ग्रुपवर कुणी विचारू नये. विचारल्यास तो संदेश काढून टाकला जाईल.

जय गुरुदेव.